थोडं कोरडं

दुपारी कपाट उघडलं ते आधार कार्डाची झेरॉक्स शोधायला. झेरॉक्स मिळाली नाही, हाताला चादर लागली. आमच्या गावची, सोलापुरी. लग्नात मामाने दिलेल्या जोडीतली. मोरपंखी रंगाची, काठाला पांढरी वेल, उलट-सुलट काही कळू न देणारी. उचलून नाकाशी नेली आणि लगेच खाली ठेवली. डांबरगोळ्यांच्या वासाखाली कुबट ओल बसली होती. हात फिरवून पाहिला. चादर ओली नव्हती. तशी कोरडीही नव्हती. इथे मुरूडला कुठलीच वस्तू पुरती कोरडी नसते, हे आता बोटांनाच माहीत झालंय.

आम्ही मुरूडला राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली. दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं मुरूड. जंजिऱ्याचं नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं, कुरियरवाल्यालासुद्धा. हे बँकेत होते. नोकरीतली काही वर्षं दापोलीच्या शाखेत काढली, तेव्हा यांच्या डोक्यात समुद्र शिरला तो शिरलाच. निवृत्त झाल्यावर सोलापूरचं घर विकलं आणि इथे माडा-पोफळींत चार खोल्या बांधल्या. गावाने आमचं आडनाव कधी वापरलंच नाही. आम्ही सोलापूरकर. टपाल आडनावाने येतं, हाक गावाच्या नावाने.

शनिवार-रविवारी पाहुणे येतात. कर्द्याच्या बाजूला जाऊन डॉल्फिन बघतात, हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघतात, येताना एवढीशी सुरमई केवढ्याला घेतली ते सांगतात, आणि मग पडवीत सोलकढीचा पेला हातात धरून हमखास विचारतात, "खरं सांगा हं, शहरातलं काय मिस करता?" विचारताना चेहऱ्यावर थोडी आशा असते. मी म्हणावं, नाटकं. मी म्हणावं, हॉस्पिटल. म्हणजे त्यांचे पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते जरा हलके होतील. मी काहीबाही सांगते. रात्री नऊनंतर उघडं असलेलं एखादं दुकान. मेथीची ताजी जुडी, कारण इथली पालेभाजी बहुतेक घाट उतरून येते आणि येईपर्यंत तिचे हाल झालेले असतात. पाहुणे माना डोलावतात.

खरं उत्तर सांगायची सोय नाही. खरं उत्तर असं की मला कोरडं आठवतं. नुसतं कोरडं.

पापड घ्या. इथे पापड तळून ताटात पडतो तोवर ठीक. आमटी वाढून होईस्तोवर त्याचा आवाज गेलेला असतो. पोह्यांचा चिवडा डब्यात घालून झाकण लावेपर्यंत दम काढत नाही. बिस्किटं, शेव, भाजलेले दाणे, सगळी एका सुरात सादळतात. मिठाच्या बरणीत मीठ कमी आणि खारं पाणी जास्त. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं, असं यांनी मला एकदा वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासात आकडे लिहून समजावलं होतं. इथे ती पंचाहत्तरच्या खाली कधी येते ते मात्र यांना सांगता आलं नाही. काडेपेटी फ्रीजवर ठेवायची, लायटर डाळीच्या डब्यामागे ठेवायचा, हे सगळं अंगवळणी पडलं. फाटकाच्या बिजागऱ्या दर दोन पावसाळ्यांनी बदलायच्या, हेही.

अंगवळणी पडली नाही ती कडक भाकरी. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली की माझा भाऊ सोलापुराहून डबा पाठवतो. त्यात शेंगाचटणी असते, ती इथेही बरी टिकते, तेल सोडून बसते. आणि कडक भाकऱ्या असतात, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या. कागदासारख्या पातळ थापलेल्या, निखाऱ्यावर पार वाळवलेल्या. सोलापुरात ही भाकरी कितीही दिवस ठेवा. बोटाने टिचकी मारली की वाजते. मुरूडला दुसऱ्या दिवशी तिची घडी घालता येते. कडक भाकरीची घडी! आमच्या आजीने हे पाहिलं असतं तर तिने समुद्राचंच काहीतरी चुकतंय म्हणून सांगितलं असतं. भावाचा फोन येतो, "काय करायलीस? मिळाली का भाकरी?" मी म्हणते, मिळाली, झकास आहे. भावाला काय सांगायचं की तुझी भाकरी मी आता पोळीच्या डब्यात ठेवते.

शाळेत भूगोलाला खारे वारे आणि मतलई वारे होते. ज्या वर्गातल्या एकाही पोराने समुद्र पाहिलेला नव्हता त्या वर्गाने ते घोकून पाठ केले होते. खारे वारे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, मतलई वारे रात्री जमिनीकडून समुद्राकडे. आकृतीत बाण काढायचे. आमचा समुद्र म्हणजे तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा तलाव, तोही भरला असला तर. बाईंनी "खारे का म्हणतात?" असं विचारलं, तेव्हा कुणीतरी "चाटून बघितल्यावर खारट लागतात" असं सांगून फुटपट्टी खाल्ली होती. आज त्या मुलाला कुणीतरी शोधून सांगा, तुझं बरोबर होतं. इथे खिडकीचे गज चाटून बघायचीही गरज नाही. दुपारी अकरा-बारानंतर वारा समुद्रावरून सुटला की चष्म्याच्या काचेवर थर बसतो. पदराने पुसला की आणखी पसरतो.

आमचं सोलापूरचं जुनं घर माळवदाचं. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकायचा आणि त्या माळवदावर जुनं लुगडं अंथरून आई नि दोन काकू कुरडया घालायच्या. चीक भल्या पहाटे शिजायचा. आम्हा पोरांना त्यातला वाटीवाटी मिळायचा, वरून कच्चं तेल नाहीतर साखर. मग दिवसभराची नोकरी म्हणजे राखण. हातात काठी, डोक्यावर ओला टॉवेल, तोही सोलापुरी. कावळे शहाणे असतात, ते माणसाची नजर ओळखतात. आमच्या धाकट्याला कावळे मोजतच नव्हते. अर्ध्या वाळलेल्या कुरडया चोरून खायच्या. त्या चिवट, आंबूस, दाताला चिकटणाऱ्या कुरडईची चव तळलेल्या कुरडईला नाही, हे ज्यांनी राखण केली आहे त्यांनाच पटेल. लांबून लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा व्हायचा, तो झाला की पाळी बदलली, म्हणजे आमचीही. संध्याकाळी आई एक कुरडई उचलून दोन बोटांत मोडायची. टक्क आवाज आला की डबा आणायला पाठवायची. नाही आला तर उद्या पुन्हा. तिचं सगळं वाळवण कानावर चालायचं.

तो आवाज इथे नाही. सोलापुरात सगळं वाजतं. लिंबाची गळलेली पानं अंगणातून वाजत जातात, कडबा वाजतो, शेंगा फोडताना वाजतात, म्हातारी माणसं उठता-बसता वाजतात. इथे वाजतो तो फक्त समुद्र, आणि तो इतका सारखा वाजतो की ऐकू येईनासा होतो.

थंडीत रात्री दिवे गेले की आम्ही भावंडं अंधारात स्वेटर डोक्यावरून ओढून काढायचो. चर्र चर्र ठिणग्या. निळ्या, बारीक. केस उभे. धाकट्याचं नायलॉनचं पायमोजं भिंतीला चिकटून बसायचं. पुढे शाळेत स्थिर विद्युत शिकलो, कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलले, आणि वाटलं, हे तर आम्हाला आधीच येतंय. गेल्या मे महिन्यात नातू आला होता पुण्याहून. त्याला म्हटलं, चल, जादू दाखवते. कंगवा घासला, घासला. डोक्यावर होते नव्हते ते केस गळले. कपटा हलला नाही. नातू भला मुलगा आहे, म्हणाला, "आजी, जाऊ दे, रेंज नसेल."

थंडी तर इथे विकत घ्यायला वर जावं लागतं. वर म्हणजे दापोलीला. दापोली समुद्रसपाटीपासून आठशे फुटांवर, मुरूडपासून गाडीने पाऊण तासाच्या आत, आणि जानेवारीतल्या पहाटे तिथे अंगावर काटा येतो. खाली आमच्याकडे नुसता गारवा. पंखा एकवर. सकाळी पडवीच्या लाद्यांना घाम. मी यांना एकदा म्हटलं, चादर घेऊन दापोलीला लॉजवर एक रात्र राहून येऊ. यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं.

शेजारच्या काकूंना हे सगळं माझं वेड वाटतं. काकू मुरूडच्याच, माहेर आंजर्ल्याचं, सासर इथलं. दोन्हीकडून समुद्र. मी पापडाचं रडगाणं लावलं की म्हणतात, "जेवताना कशाला हवाय हो आवाज?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्यांचं वाळवण बघायला मी मे महिन्यात मुद्दाम जाते. आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी. फणसाचे पापड सोडले तर इकडचं वाळवण वाळूनही लवचीकच. आंबापोळी मोडत नाही, गुंडाळते. आमसूल वाळतं म्हणजे नुसतं मऊ व्हायचं थांबतं. पोळीचं ताट उन्हात ठेवून काकू पडवीत सुपारी कातरत बसतात, उठून बघतसुद्धा नाहीत. कावळ्यांची भीती? "खाऊंदे की. त्यांना काय दात आहेत?"

दोन-तीन वर्षांपूर्वी त्या पंढरपूरला निघाल्या तेव्हा मी हट्टाने सोलापूरला भावाकडे उतरायला लावलं. मनात होतं, बघा एकदा, कोरडं म्हणजे काय असतं. फेब्रुवारीचे दिवस, हुरडा अजून मिळत होता, सगळी जय्यत तयारी. परत आल्या त्या थेट माझ्या पडवीत. "वहिनी, माणसं राहतात कशी हो तिथे? ओठ फुटले, टाचा फुटल्या. रात्री घशाला कोरड पडून उठून बसले. आणि लुगडं! दहाला धुऊन टाकलं नि अकराला वाळलं. एवढ्या घाईने वाळलेलं अंगाला लावायला बरं वाटेना." हुरडा कसा होता विचारलं. "कोवळा होता, पण त्यावर ओलं खोबरं घालतील तर शपथ." मग हाताने गळा चोळत म्हणाल्या, "आता कसं, एष्टीतनं उतरल्याबरोबर अंग ओलं झालं." एवढा आनंद त्यांना विठोबा भेटल्याचाही झाला नव्हता, असं माझं मत. ते मी बोलले नाही.

गंमत म्हणजे आम्ही सोलापूरची माणसं आयुष्यभर पाण्याच्या नावाने बोटं मोडत वाढलेली. बहात्तरच्या दुष्काळात मी फ्रॉकमधली होते. रेशनची लाल मिलो आठवते, तिची भाकरी तव्यावर फाटायची. सुकडी आठवते, ती मात्र आवडायची. नळ चार-पाच दिवसांनी यायचा. पिंप, बादल्या, पातेली, शेवटी वाट्या, सगळं भरून ठेवायचं. सोलापुरात वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस झाला तर साल बरं. इथे तीन हजारांच्या वर पडतो. भावाला वाटतं मी पाण्यात लोळते. त्याला सांगितलं की एवढा पाऊस पडून एप्रिल-मे महिन्यांत आमच्या तालुक्यातल्या वरच्या वाड्यांना टँकर लागतो, जांभ्या दगडात पाणी ठरत नाही, तर तो फोनवर हसायला लागतो. म्हणतो, "तायडे, म्हणजे प्यायला नाही आणि पापडाला आहे!" सोलापूरकराला दुसऱ्याच्या टँकरचं दुःख कळतं, पण आधी हसून घेतल्यावर.

एकदाच इथे सगळं गाव माझ्या बाजूने झालं होतं. 3 जून 2020, निसर्ग वादळ. ते वर श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, पण आमचा दापोली-मंडणगडचा पट्टाही झोडपून गेलं. दुपारभरात कौलं गेली, पत्रे गेले, काकूंच्या आगरातल्या पोफळी एकमेकींवर आडव्या पडल्या. वीज कित्येक दिवस नव्हती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि ज्याने त्याने घरातलं जे जे भिजलं होतं ते रस्त्यावर आणून मांडलं. गाद्या. सातबाऱ्याचे उतारे. दहावीची प्रमाणपत्रं, कडेकडेने दगड ठेवलेली. लग्नाचे अल्बम पान पान उघडून. एका दारात देवीची जुनी पोथी चिमट्याने दोरीला लावलेली होती. सगळं गाव वाळवणावर बसलं होतं आणि जो तो आभाळाकडे बघत म्हणत होता, आजचा दिवस कोरडा जाऊ दे. काकू खुर्चीवर बसून फोटो राखत होत्या. त्यांच्या यजमानांचा लग्नातला फोटो पार चिकटला होता, सुटवायला गेलं तर चेहरा उठून येत होता. तो त्यांनी तसाच ठेवला. पोफळीला धरायला सहा-सात वर्षं लागतात. काकूंनी त्याच पावसाळ्यात नवी रोपं लावली. तेव्हा त्यांचं वय पंचाहत्तरच्या पुढे होतं. मी विचारलं नाही, काय हिशोबाने लावताय.

पाहुण्यांच्या यादीतलं हॉस्पिटल मी वर सहज सोडून दिलं, तसं ते सोडून देण्यासारखं नाही. गेल्या जुलैत एका रात्री यांच्या छातीत कळ आली. पाऊस असा की अंगणातला दिवा दिसेना. काकूंचा पुतण्या गाडी घेऊन आला, चढण चढून दापोलीला पोचलो, तिथे ईसीजी काढला आणि पुढे हलवा म्हणाले. पुढे म्हणजे रात्रीचा घाट. एका वळणावर झाड आडवं. पुतण्या कोयता घेऊन उतरला. पावसात तो फांद्या तोडतोय, मी मागच्या सीटवर यांचं डोकं मांडीवर धरून बसलेय, आणि माझ्या डोक्यात फक्त सोलापूरच्या घरापासून सिव्हिल हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता चालला होता. रिक्षाने दहा मिनिटं. डावीकडे वळायचं, पानाची टपरी, पेट्रोलपंप, फाटक. पुन्हा पहिल्यापासून. डावीकडे वळायचं, पानाची टपरी. त्या रात्री दुसरं काही आठवलं नाही. यांच्या हाताला घाम होता की पाऊस, ते अंधारात कळत नव्हतं.

वेळेत पोचलो. दोन स्टेंट बसले. आठवडाभराने पुण्याच्या मुलीने "आता इथेच राहा" म्हटलं, यांनी ऐकून घेतलं आणि चौथ्या दिवशी बॅग भरायला लावली. घरी आल्यावर पडवीत खुर्ची टाकून हे तासभर समुद्राकडे तोंड करून बसले होते. मी काही बोलले नाही. काय बोलणार. मीही घर विकायच्या कागदावर सही केली होती, आणि कोणी हात धरून करवली नव्हती.

डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय: मीठ कमी; लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. एकट्यासाठी कोण कढई टाकणार, म्हणून माझंही बंदच झालं. म्हणजे आता पापड कुरकुरीत काय नि सादळलेला काय.